दारातील गाडी आणि घरातील दिवा

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, भवानी पेठ, सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस प्रथम नवलच वाटले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे आणि भूगोल शिकविण्यात गेली. विद्युत्‌शास्त्राचे आमचे ज्ञान सातवीच्या पुस्तकातील विजेरीच्या पाठापलीकडे फारसे नाही. परंतु गेल्या वैशाखात आमच्या घरी एक प्रसंग घडला, त्याची वार्ता पेठेत तोंडोतोंडी झाली, आणि तीत इतकी भर पडत गेली की, ‘गुरुजींनी मोटारीवर सगळी गल्ली उजळली’ येथपर्यंत मजल गेली. गल्ली उजळली नाही. एक यंत्र, दोन पंखे आणि तीन दिवे चालले. शिवाय त्या रात्री आमच्या हातून जे होता होता राहिले, ते कोणीच सांगत नाही. ते आमच्याच तोंडून सांगितले जावे म्हणून आम्ही होकार दिला.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आपण सर्व अण्णा म्हणता, त्यांचे आयुष्य मागावर गेले. कापसाची बारीक धूळ चाळीस वर्षे श्वासाबरोबर आत गेली आणि उतारवयात तिने आपले देणे वसूल केले. आपल्यापैकी पुष्कळ घरांत ही व्यथा आहे. तिचे अधिक वर्णन करीत नाही. गेली दोन वर्षे त्यांस घरीच प्राणवायूचे यंत्र लावावे लागते. हे यंत्र हवेतील नत्रवायू अडवून धरते व प्राणवायू तेवढा पुढे सोडते. सिलिंडरात जसा साठा असतो, तसा त्यात नसतो. वीज गेली की यंत्र बंद, आणि यंत्र बंद की नळीतून येणारा प्राणवायूही बंद. त्यास सुमारे ३५० वॅट वीज लागते. म्हणजे जुन्या पद्धतीचे चार-पाच पंखे एकदम फिरावे इतकी.

त्या सायंकाळी वळवाचे वादळ झाले. पत्रे उडाले, झाडाची मोठी फांदी तारांवर पडली, आणि साडेसातच्या सुमारास पेठेचा आमच्याकडचा भाग काळोखात बुडाला. घरात इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी चार वर्षांची जुनी. तिने तासाभरात मान टाकली. जवळचा लहान सिलिंडर लावला. तो मध्यरात्रीपर्यंत पुरता. डॉक्टरांनी दूरध्वनीवर ‘रुग्णालयात आणा’ असे सांगितले, परंतु गुडघाभर पाण्यातून अण्णांस उचलून नेणे हीच मोठी शिक्षा होती. अशा वेळी अण्णांचे धाकटे चिरंजीव म्हणाले, “काका, माझी गाडी कोपऱ्यावर उभी आहे. तिच्यातून वीज काढता येते.”

आमचा विश्वास बसेना. विजेवर चालणारी गाडी वीज खाते हे ऐकून होतो. ती वीज परतही देते हे नवीन होते.

येथे थोडे गणित मांडले पाहिजे, आणि गणित मांडल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही हे आमचे जुने विद्यार्थी जाणतातच. आपण विजेच्या बिलात जे ‘युनिट’ वाचतो, ते म्हणजे एक हजार वॅट वीज एक तासभर वापरणे. घरातील साध्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची व १५० अँपिअर-तासांची असते. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे १८०० वॅट-तास, अर्थात पावणेदोन युनिटांहून थोडी अधिक. ही नवीन बॅटरीची गोष्ट. आणि तीतूनही सगळी वीज काढू नये असा नियम असल्याने हाती येते ती सव्वा युनिटाच्या आसपास. आता टाटांच्या नेक्सॉन गाडीचे उदाहरण घ्या. सन २०२३ च्या सप्टेंबरात या गाडीचे विजेवरचे जे नवे रूप बाजारात आले, त्याची लहान बॅटरी ३० युनिटांची व मोठी ४०.५ युनिटांची होती. म्हणजे घरातील इन्व्हर्टर हा तांब्या, तर दारातली गाडी हा रांजण. आपण तांब्यासाठी धावाधाव करीत असतो आणि भरलेला रांजण अंगणात उभा असतो.

परंतु रांजणास तोटी पाहिजे. प्रत्येक विजेच्या गाडीस ती असतेच असे नाही. वर सांगितलेल्या गाडीत ती २०२३ पासून मिळू लागली, तीही सर्व प्रकारांत नव्हे. त्याच वर्षी आरंभी आपल्या देशात आलेल्या ह्युंदाईच्या आयोनिक ५ या गाडीतही ती होती. कंपन्यांच्या पुस्तकांत या सोयीस ‘व्हेइकल टू लोड’ असे नाव आहे. ज्या तोंडातून आपण गाडी भरतो, त्याच तोंडात एक जोडणी बसवावयाची. तिच्या दुसऱ्या टोकास आपल्या घरात असते तसे तीन छिद्रांचे सॉकेट असते. बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहणारी, तिचे रूपांतर गाडीतील यंत्र घरगुती २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेत करते. नेक्सॉनमधून अशी ३.३ केव्हीएपर्यंत वीज मिळते. त्यात पंखे, दिवे, दूरदर्शन, शीतकपाट ही सर्व मंडळी सुखाने नांदतात. गिझर आणि वातानुकूलन यंत्र एकदम लावू म्हणाल, तर गाडी हात वर करील.

आता त्या रात्रीकडे वळतो.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. आपल्या पेठेतील गल्ल्या आपण जाणता. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने माघार घ्यावी लागते, तेथे मोटार आत येते कोठून? गाडीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत साठ फूट. पुतण्याने मंडपवाल्याकडून जाड केबल मिळविली. तोपर्यंत ठीक होते. पुढे शहाणपण सुचले ते आम्हांस. आम्ही म्हणालो, “एक केबल माजघरातून अण्णांच्या खोलीत, दुसरी स्वयंपाकघरात, असे कशाला? दोन्ही टोकांस पिना लावा. एक टोक गाडीत, दुसरे आपल्या भिंतीतील सॉकेटात. सगळ्या घरात आपोआप वीज पसरेल.” शाळेच्या प्रयोगशाळेत विजेऱ्या अशाच जोडल्या होत्या; आमचा आत्मविश्वास दांडगा होता. पुतण्या गुरुजींचे ऐकणारा. त्याने पिना बसविल्या. बॅटरीच्या उजेडात आम्ही ते टोक भिंतीशी नेले.

शेजारी वीजखात्यातून निवृत्त झालेले एक तारतंत्री गृहस्थ राहतात. ते मेणबत्ती मागावयास आले होते. त्यांनी दारातूनच ओरडून आमचा हात थांबविला. म्हणाले, “गुरुजी, काय करताय? तिकडं खांबावर माणूस चढलाय!”

आम्ही बाहेर येऊन पाहिले. कोपऱ्यापलीकडच्या खांबावर, पावसात, कमरेस पट्टा बांधलेला एक तरुण त्या तुटलेल्या तारांशी झगडत होता. खालून दुसरा त्यास उजेड दाखवीत होता.

भिंतीतील सॉकेट हे घरात वीज येण्याचे दार, तसेच बाहेर जाण्याचेही दार आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मुख्य स्विच चालू असता गाडीची वीज त्या सॉकेटात घातली, तर ती घरातील दिव्यांपाशी थांबत नाही; मीटरमधून उलटी बाहेर पडून खांबावरच्या तारेत जाते. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज खाली उतरवून आपणांस देतो. त्यास उलट्या बाजूने वीज मिळाली तर तो ती वर चढविण्याचेही काम करतो. पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भाराने गाडीचे संरक्षक यंत्र आधीच पुरवठा तोडील. परंतु ‘पुष्कळदा’ या शब्दावर त्या तरुणाचा जीव टांगणीस लावण्याचा आम्हांस काय अधिकार होता? तार मृत आहे असे समजून तो हात घालीत होता. शिवाय दोन्ही टोकांस पिना असलेली तार एका बाजूने गाडीत खोचली, की दुसरीकडची उघडी पितळी पिन जिवंत होते. घरात लहान मुले वावरत असताना ती आमच्या हातात असती. आणि तेवढ्यात बाहेरची वीज परत आली असती, तर दोन निरनिराळ्या तालांवर चालणाऱ्या विजा समोरासमोर येऊन गाडीच्या यंत्राची राख झाली असती. आम्ही छत्तीस वर्षे मुलांस ‘विचार करून उत्तर द्या’ म्हणून सांगत आलो. असो.

त्या गृहस्थांनी ती पिन आपल्या हाताने कापून टाकली. केबलच्या टोकास साधे सॉकेट बसविले. प्राणवायूचे यंत्र, दोन पंखे आणि तीन दिवे यांच्या पिना भिंतीतून काढून थेट त्यात लावल्या. यंत्राची घरघर सुरू झाली. अण्णांनी डोळे उघडून विचारले, “वीज आली का रे?” पुतण्या म्हणाला, “नाही अण्णा, गाडी आली.”

पहाटे साडेपाचला पेठेची वीज आली, तोवर जवळजवळ आठ तास हा व्यवहार चालला. हिशेब असा : यंत्र, पंखे व दिवे मिळून सुमारे साडेपाचशे वॅट, आठ तासांचे साडेचार युनिट. परंतु गाडीच्या पडद्यावर पाहता सहांहून अधिक युनिटे उतरलेली दिसली. कारण असे की, वीज देताना गाडी जागी राहते; तिची स्वतःची यंत्रे काही वीज खातात, आणि रूपांतरात काही उष्णता होऊन जाते. म्हणून एक मोबाईल व एक दिवा यांसाठी रात्रभर गाडी जागी ठेवणे हा तोट्याचा धंदा होय. त्या कामास तांब्याच बरा.

पुढे आम्ही त्या तारतंत्री गृहस्थांकडून या गोष्टीची रीतसर माहिती करून घेतली. सांगण्यासारखी म्हणजे, ज्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांस सर्वांत सोपा मार्ग उपलब्ध आहे. इन्व्हर्टरची स्वतःची पिन भिंतीतील सॉकेटात असते. ती तेथून उपसावी आणि गाडीकडून आलेल्या केबलीच्या सॉकेटात लावावी. इन्व्हर्टरला वाटते, बाहेरची वीज आली. तो नेहमीच्याच तारांतून नेमलेले दिवे-पंखे चालवितो आणि आपली बॅटरीही भरून घेतो. पिनच उपसलेली असल्याने वीज भिंतीत उलटी जाण्याचा प्रश्न राहत नाही. यात एक मेख आहे. पुष्कळ जुन्या घरांत इन्व्हर्टरच्या दिव्यांची न्यूट्रल तार मुख्य पुरवठ्याच्या न्यूट्रलशी एक केलेली असते. तशी असल्यास गाडीचे संरक्षक यंत्र बिघाड समजून पुरवठा तोडू शकते. सबब परवानाधारक तारतंत्र्याकडून ती वेगळी करून घ्यावी व अर्थिंग तपासावे. वादळाच्या रात्री नव्हे, त्याआधी.

सगळे घर गाडीवर घ्यावयाचे असेल, तर मीटरच्या पुढे ‘चेंजओव्हर स्विच’ बसविल्यावाचून गत्यंतर नाही. जनित्र असलेल्या मंगल कार्यालयांत आपण तो पाहिला असेल. त्याचा दांडा एका बाजूस केला तर बाहेरची वीज, दुसऱ्या बाजूस केला तर जनित्राची. दोन्ही एकदम कधीच नाहीत. ज्यांनी २०२४ सालच्या सूर्यघर योजनेतून छपरावर सौरपट्ट्या बसविल्या, त्यांपैकी काहींनी आमच्याकडे तक्रार केली की, बाहेरची वीज गेली की भर उन्हातही आमची सौरवीज बंद पडते, ही फसवणूक होय. बंधूंनो, ती फसवणूक नव्हे. बाहेरच्या तारेला जोडलेली ती यंत्रणा खांबावरच्या त्या तरुणासाठीच मुद्दाम गप्प बसते.

पाण्याच्या पंपाविषयी भगिनीवर्गातून विचारणा झाली होती. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळ येण्याची आपल्या शहरास सवय. त्या नेमक्या तासात वीज गेली तर होणारा जीवाचा आकांत पुरुषांस काय कळणार, असेही एका भगिनीने आम्हांस ऐकविले. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालू असता पाच-सहाशे वॅट घेतो, परंतु सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट घेतो. म्हणून बाकी सर्व बंद करून प्रथम पंप सुरू करावा, तो स्थिर झाल्यावर पंखे लावावे. आमच्या घरी तसे करून पाहिले, पंप चालला. केबल मात्र जाड हवी, वळकटी करून ठेवलेली नसावी आणि रस्त्यावरून जाणारी नसावी. गल्लीत पावसाचे पाणी साचले असता त्यातून साठ फूट तार नेली, हा त्या रात्रीचा आमचा दुसरा प्रमाद. आता आम्ही वरून, भिंतीच्या खुंट्यांवरून तार नेण्याची सोय केली आहे.

ही कल्पना कोठून आली, तेही थोडक्यात सांगतो. ११ मार्च २०११ रोजी जपानात भयंकर भूकंप होऊन समुद्र आत शिरला. पेट्रोलचा दुष्काळ पडला. परंतु कित्येक ठिकाणी वीज त्यामानाने लवकर सुरू झाली आणि विजेच्या गाड्या मदतकार्यात उपयोगी पडल्या. पुढच्याच वर्षी निसान कंपनीच्या लीफ गाडीतून घरास वीज देणारे यंत्र तेथे विक्रीस आले. त्या गाडीची बॅटरी २४ युनिटांची. तेवढ्यात तेथील सामान्य घर सुमारे दोन दिवस चालते असा त्यांचा हिशेब होता. ते यंत्र पक्के बसविलेले आणि घराच्या तारांशी रीतसर जोडलेले असे. आपल्याकडची तोटी त्यामानाने साधी आहे. २०१९ साली चिबा प्रांतात वादळाने वीज गेली, तेव्हा अशा गाड्या लोकांच्या एकत्र जमण्याच्या जागी नेऊन उभ्या केल्या. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष वाटली. तिच्याकडे शेवटी येतो.

तरुण मंडळींचा प्रश्न ठरलेला आहे : “गुरुजी, यावर माग चालेल का?” भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी पाळ्या बुडताना पाहिल्या, त्यांच्या मनात तो येणारच. उत्तर : तसा चालणार नाही. मागाची मोटर एक-दीड अश्वशक्तीची आणि बहुधा तीन फेजची. गाडी देते ती एक फेजची. मधे रूपांतर करणारे उपकरण घातले तरी तीनाहून अधिक माग तिला पेलणार नाहीत, आणि एका पाळीत तीस युनिटांची गाडी जवळजवळ रिकामी होईल. चादर विणून होईल, पण ती बाजारात नेण्यास गाडी हलणार नाही.

त्याचप्रमाणे, केवळ घरच्या दिव्यासाठी कोणी ही गाडी घेऊ म्हणेल, तर त्याने आपल्या वडिलांस आमच्याकडे पाठवावे. लाखो रुपयांची वस्तू ती. ज्यास रोजच्या जाण्यायेण्यासाठी गाडी घ्यावयाचीच आहे, त्याने ही तोटी असलेली घ्यावी, विकत घेण्यापूर्वी ती जोडणी सोबत मिळते की निराळे पैसे पडतात हे विचारावे, आणि हमीपत्रात या वापराविषयी काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचावे. बॅटरी झिजते का? प्रत्येक उपसा-भरणीने थोडी झिजतेच. परंतु रस्त्यावर धावताना तीच बॅटरी दहा-वीस हजार वॅट देत असते. रात्रीचे पाचशे वॅट हे तिला ओझे नव्हे. रोज रात्री बिल वाचविण्यासाठी हा उद्योग करू नये, कारण घातलेल्या सहा युनिटांपैकी पाच परत मिळाली तरी नशीब. विजेच्या स्कूटरींची गोष्ट निराळी. त्यांपैकी बहुतेकींस अशी तोटी नाही, आणि त्यांची बॅटरी उघडून तारा जोडण्याचे कसब काही मुले मोबाईलवर पाहून शिकतात असे कानावर आले. त्यांच्या आईबापांनी ते आजच बंद करावे. त्या बॅटरीने पेट घेतला तर ती सहजी विझत नाही.

आणि ज्यांच्या घरी अण्णांसारखा रुग्ण आहे, त्यांनी गाडी असो वा नसो, भरलेला सिलिंडर घरात ठेवलाच पाहिजे. गाडी परगावी गेलेली असू शकते. तिची बॅटरी त्याच दिवशी उतरलेली असू शकते. आमच्या घरी आता उन्हाळ्याच्या व पावसाळ्याच्या दिवसांत पुतण्या रात्री अर्ध्याहून कमी भरलेली गाडी कधी उभी करीत नाही.

राहता राहिली ती कार्यकारी मंडळास विनंती. आपल्या कार्यालयाच्या इमारतीत चेंजओव्हर स्विच आहेच, जनित्रासाठी बसविलेला. अंगणाच्या बाजूस पावसापासून झाकलेली एक निराळी जोडणी परवानाधारक माणसाकडून करून घेतली, तर संकटाच्या रात्री कोणा सभासदाची गाडी तेथे उभी करून तळमजल्यावरील एका खोलीस वीज देता येईल. तेथे दोन खाटा आणि प्राणवायूची यंत्रे लावण्याची सोय असावी. कार्यालयासमोर रस्ता रुंद आहे. गाडी दारापर्यंत येते. जनित्र असताना हे कशाला, असे खजिनदारांनी विचारले. गेल्या वैशाखात त्या रात्री जनित्रात डिझेल नव्हते, एवढेच उत्तर आम्ही त्यांस दिले. त्यांनी ते हसून घेतले.

त्यासाठी कार्यालयात एक वही ठेविली आहे. डाव्या पानावर ज्यांच्या घरी विजेवर चालणारे श्वासाचे यंत्र आहे त्यांनी गल्लीचे नाव लिहावे. उजव्या पानावर ज्यांच्या गाडीस तोटी आहे त्यांनी. आज सकाळी आम्ही पाहिले, तेव्हा डावीकडे सात नावे होती आणि उजवीकडे दोन. त्यांतील एक आमचा पुतण्या.